एकोणसत्तर आणि सत्तर : नागपूरच्या दोन चाचण्या जबलपूरच्या टेबलावर

समजा जबलपूरच्या राइट टाउनमध्ये राहणारा आठ वर्षांचा एक मुलगा आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्रजी माध्यमाची. तो उशिरा बोलू लागला, दुसरीत दोनदा बसला आणि आता शाळेने आईवडिलांना सांगितले आहे की प्रमाणपत्र आणा. आई त्याला घेऊन रुग्णालयात जाते. तिथे नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धिमत्ता चाचणी घेतात, मग आईला काही प्रश्न विचारतात आणि दोन आकडे कागदावर लिहितात. त्या आकड्यांवरून अक्षमतेची टक्केवारी ठरते आणि टक्केवारीवरून मुलाला काय मिळेल आणि काय नाही ते ठरते.

पाठ्यपुस्तकातील मूल्यमापनाच्या प्रकरणात या चाचण्यांची नावे तुम्ही वाचली असतील आणि परीक्षेसाठी पाठही केली असतील. या टिपणात त्यांच्याकडे आपण समीक्षक एखाद्या पुस्तकाकडे पाहतो तसे पाहू. ते कोणी लिहिले, लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते घर होते, आणि आज ते कोण, कोणत्या हेतूने वाचते आहे? चाचणी हाही एक मजकूरच असतो. फरक इतकाच की या मजकुराचा अर्थ लावण्यात चूक झाली तर तिची किंमत वाचक देत नाही, मूल देते.

जबलपूरच्या टेबलावर असण्याची दाट शक्यता असलेल्या दोन चाचण्या नागपूरहून आलेल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होते. राज्य-पुनर्रचनेत ती वेगळी झाली, तरी मानसशास्त्रातला हा धागा तुटला नाही. नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रातील डॉ. आर्थर मालिन यांनी १९६०च्या दशकात दोन अमेरिकी साधने भारतीय मुलांसाठी तयार केली. एक म्हणजे वेक्सलर यांच्या १९४९च्या बाल-बुद्धिमत्ता चाचणीचे भारतीय रूप, जे 'मिसिक' या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. ते इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तीन भाषांत झाले. दुसरे म्हणजे एडगर डॉल यांच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूप. त्यावर पुढे म्हैसूरच्या डॉ. भरत राज यांनीही काम केले. तिसरे नाव यांच्याही आधीचे आहे : व्ही. व्ही. कामत. त्यांनी धारवाडला कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बिने चाचणीची आवृत्ती बसवली आणि १९४० मध्ये ती पुस्तकरूपाने आली. 'बिने-कामत' म्हणून ती आजही वापरात आहे. मराठी मुलांच्या बुद्धिमापनाचा इतिहास असा धारवाड, नागपूर या कडांनी लिहिला गेला आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना याचे थोडे आश्चर्य वाटावे.

आता आकड्यांकडे येऊ. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे राजपत्रात प्रसिद्ध केली. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्धिमत्ता चाचणी घ्यायची, पण टक्केवारी काढायची ती सामाजिक परिपक्वता श्रेणीच्या गुणांकावरून. गुणांक ० ते २० असेल तर १०० टक्के, २१ ते ३५ ला ९० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, ५५ ते ६९ ला ५० टक्के आणि ७० ते ८४ ला २५ टक्के. (मार्च २०२४ मध्ये ही तत्त्वे सुधारून पुन्हा निघाली आहेत. प्रत्यक्ष कामात तीच पाहा. इथे मी २०१८च्या तक्त्याबद्दल बोलतो आहे, कारण त्यामागचा विचार त्यात उघडा दिसतो.) कायद्यात 'लक्षणीय अक्षमता' म्हणजे किमान ४० टक्के. सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा विशेष हक्क, उच्च शिक्षणातील आरक्षण, पुढे नोकरीतील आरक्षण, हे सारे या ४० टक्क्यांच्या पलीकडे उभे आहे.

तक्ता पुन्हा एकदा वाचा. ६९ ला ५० टक्के आणि ७० ला २५ टक्के. एका गुणाच्या फरकाने मूल चाळिसाची रेषा ओलांडते किंवा तिच्या अलीकडे राहते. मोजणी अगदी नेमकी असती तर याबद्दल फार बोलावे लागले नसते. म्हणून ती मोजणी कशी होते ते पाहू.

डॉल यांनी ही श्रेणी १९३५ मध्ये मांडली. ते न्यू जर्सीतील व्हाइनलँड संस्थेत संशोधन करीत. याच संस्थेत त्यांच्या आधी हेन्री गॉडर्ड यांनी बिनेची चाचणी अमेरिकेत रुजवली होती आणि केवळ आकड्यावरून माणसांना 'मंदबुद्धी' ठरवण्याची वाईट प्रथाही तिथूनच फोफावली होती. त्याच इमारतीत बसून डॉल यांनी म्हटले की बुद्धिगुणांक पुरेसा नाही, माणूस रोजच्या जगण्यात स्वतःचे किती सांभाळतो ते पाहा. माझ्या मते विसाव्या शतकातील मानसमापनातील ही सर्वांत चांगली दुरुस्ती होती. आज बौद्धिक अक्षमतेची तीव्रता अनुकूली वर्तनावरून ठरवावी असे २०१३च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत म्हटले आहे. त्या विचाराचे मूळ इथे आहे.

श्रेणीची रीत साधी आहे. मुलाला काही करायला लावत नाहीत. त्याला नीट ओळखणाऱ्या व्यक्तीला, बहुधा आईला, विचारतात. भारतीय रूपात जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी आहेत आणि त्या आठ क्षेत्रांत पडतात : सर्वसाधारण स्वावलंबन, खाणे, कपडे घालणे, स्वतःचे निर्णय, कामधंदा, संवाद, हिंडणे-फिरणे आणि लोकांत मिसळणे. किती बाबी जमतात यावरून सामाजिक वय निघते. त्याला जन्मवयाने भागून शंभराने गुणले की झाला सामाजिक गुणांक.

आता आपल्या आठ वर्षांच्या मुलाचा हिशेब करू. आठ वर्षे म्हणजे ९६ महिने. डॉल यांच्या मूळ यादीत पाच ते सहा वर्षांच्या पट्ट्यात पाच बाबी आहेत, म्हणजे एका बाबीचे मोल वर्षाचा पाचवा भाग, २.४ महिने. मुलाने पाच वर्षांपर्यंतच्या सर्व बाबी आणि या पट्ट्यातल्या दोन मिळवल्या तर त्याचे सामाजिक वय ६४.८ महिने आणि गुणांक ६७.५. तीन मिळवल्या तर ६७.२ महिने आणि गुणांक बरोबर ७०. म्हणजे एका प्रश्नाला आई 'हो' म्हणाली तर मूल २५ टक्क्यांत, 'नाही' म्हणाली तर ५० टक्क्यांत. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब स्वतः करून पाहा. तुमच्या पाठ्यपुस्तकातील 'विश्वसनीयता' या शब्दाचा अर्थ त्यानंतर वेगळा लागेल.

आणि या पट्ट्यातल्या बाबी तरी कोणत्या? पैसे विश्वासाने हातात देता येतात का. शाळेत एकट्याने जातो का. साधे बैठे खेळ खेळतो का. डॉल यांच्या गावात सहा वर्षांचे मूल एकटे शाळेत जात असेल. जबलपूरच्या मध्यमवर्गीय घरातील आठ वर्षांचे मूल, अगदी कसलीही अडचण नसलेले, शाळेच्या व्हॅनमधून किंवा ऑटोतून जाते. रस्त्यावरची रहदारी पाहता कोणती आई त्याला एकटे सोडील? मग उत्तर 'नाही' येते आणि ती 'नाही' मुलाच्या खात्यावर लिहिली जाते. दुसरीकडे दहा-अकरा वर्षांच्या पट्ट्यात दोन शेजारी बाबी आहेत : अधूनमधून छोटी पत्रे लिहिणे आणि दूरध्वनी करणे. आज चार वर्षांचे मूल नागपूरच्या आजीला व्हिडिओ कॉल लावते आणि पंचवीस वर्षांच्या पदवीधराने आयुष्यात पत्र लिहिलेले नसते. त्या यादीत या दोन गोष्टी शेजारी का होत्या हे समजायला आता इतिहासाचा तास घ्यावा लागेल.

खाण्याबद्दलही असेच. आपल्या घरांत 'अजून भरवते' हे अक्षमतेचे लक्षण नसते, ते लाडाचे असते. आजीच्या हातून सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत घास घेणारी मुले तुम्ही पाहिली असतील, कदाचित तुम्हीच त्यांतले असाल. याउलट आमटी-भात हाताने कालवून ताटाबाहेर एक शीत न सांडता खाणे हे बोटांचे बारीक कौशल्य आहे आणि चमच्याने खाण्यापेक्षा ते सोपे मुळीच नाही. प्रश्न विचारणाऱ्याला हे घर माहीत असेल तर तो पुढे विचारतो : भरवता म्हणजे त्याला येत नाही म्हणून, की उशीर होतो म्हणून? घर माहीत नसेल तर खूण करून पुढच्या बाबीकडे जातो.

डॉल यांना ही अडचण कळली नव्हती असे नाही. मूल नेहमी जे करते ते पाहावे, करू शकेल ते नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. पण जिथे करण्याची संधीच मिळाली नाही तिथे 'संधी नाही' असा वेगळा शेरा देण्याची आणि त्या बाबीला परिस्थितीनुसार पूर्ण, अर्धे किंवा शून्य श्रेय देण्याची सोय त्यांनी पद्धतीतच ठेवली होती. माझी खरी तक्रार इथे आहे. साधनात शहाणपण आहे, वापरात ते गळून पडते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात चाळीस मिनिटांत दोन चाचण्या उरकायच्या असतील तर प्रत्येक 'नाही'च्या मागे जाऊन ती अक्षमतेची आहे की परवानगीची हे शोधायला वेळ राहत नाही. मात्र ते शोधणे हेच या श्रेणीचे काम आहे. तेवढे वगळले तर उरते ती घरकामाची प्रश्नावली.

आता मिसिककडे वळू. ही सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सामान्यज्ञान, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह आणि अंकस्मृती या सहा शाब्दिक उपचाचण्या. चित्रपूर्ती, ठोकळ्यांची रचना, वस्तू जुळवणी, संकेतलेखन आणि चक्रव्यूह या पाच कृती-उपचाचण्या. वेक्सलरच्या मूळ संचातील चित्रांचा क्रम लावण्याची उपचाचणी मालिन यांच्या संचात नाही. चित्रांतून गोष्ट लावायची तर आधी त्या गोष्टीतले जग ओळखीचे लागते, त्यामुळे ती वगळली गेली हे मला योग्यच वाटते. (चाचणीतील प्रश्न मी इथे देणार नाही आणि तुम्हीही कुठे लिहू नका. एकदा प्रश्न बाहेर फुटले की तिचा उपयोग संपतो. या चाचण्या घेण्याचा अधिकारही पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्यांनाच आहे, पदवीच्या विद्यार्थ्याला नाही.)

तीन भाषांत चाचणी आहे म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला असे वाटेल. आपल्या राइट टाउनच्या मुलाला ती कोणत्या भाषेत द्यायची? मराठीत दिली तर 'क्षेत्रफळ' आणि 'राजधानी' हे शब्द त्याने घरात ऐकलेले नाहीत. हिंदीत दिली तर घरच्या वस्तूंची नावे त्याच्या तोंडी मराठीत येतील. इंग्रजीत दिली तर शाळेतील ज्या अपयशामुळे तो इथे आला आहे त्याचीच पुनरावृत्ती होईल. शिवाय हिंदी आणि मराठी या बहिणी फार फसव्या आहेत. 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा आणि हिंदीत प्रयत्न. हे शब्द चाचणीतले नव्हेत, नमुन्यादाखल घेतले आहेत. दोन घरांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या मुलाने अशा शब्दाचा 'दुसरा' अर्थ सांगितला तर त्याला शून्य द्यायचे की समजून घ्यायचे? अंकस्मृतीसारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या उपचाचणीतही भाषा घुसते. हिंदीत दो, छह, नौ हे एकेका अक्षराचे उच्चार आहेत, मराठीत दोन, सहा, नऊ थोडे लांबतात. उच्चाराला वेळ लागणारे शब्द कार्यस्मृतीत कमी मावतात हे १९७०च्या दशकात बॅडली आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. इथला फरक लहान असेल, पण रेषाही बारीक आहे हे विसरू नका.

याहून मोठी गोष्ट भाषेत नाही, बेरजेत आहे. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून इथे जरा थांबू. वेक्सलरच्या पद्धतीत उपचाचण्यांचे गुण मिळवतात आणि ती बेरीज तक्त्यातून पुन्हा गुणांकात बदलतात. हा तक्ता असा बनवलेला असतो की अंतिम गुणांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ राहावे. मिसिकमध्ये प्रत्येक उपचाचणीचाच एक गुणांक काढतात. शाब्दिक गुणांकांची सरासरी, कृती-गुणांकांची सरासरी आणि मग या दोहोंची सरासरी, असा पूर्ण बुद्धिगुणांक येतो. सोपे आहे, पण सरासरीचा एक स्वभाव असतो : ती टोकांना मध्याकडे ओढते. तुमच्या वर्गात एका विषयात पस्तीस किंवा पंच्याण्णव गुण मिळवणारे अनेक असतात, एकूण टक्केवारी पस्तीस किंवा पंच्याण्णव असणारे थोडे.

आकड्यांत पाहू. समजा, प्रत्येक उपचाचणीच्या गुणांकाचे प्रमाण विचलन १५ आहे आणि उपचाचण्यांमधला सहसंबंध सरासरीने ०.४ आहे. मग अकरा गुणांकांच्या सरासरीचे प्रमाण विचलन १५ राहत नाही, ते सुमारे १० होते. सरासरीपासून दोन प्रमाण विचलने खाली असलेली, म्हणजे शंभरातली साधारण दोन, मुले आपण ज्या ७० या आकड्याने ओळखू पाहतो, ती या हिशेबात ८०च्या आसपास दिसतील. ७० पर्यंत पोहोचायला मुलाला त्याहून कितीतरी जास्त मागे असावे लागेल. म्हणून मिसिकवरचा ७८ हा आकडा आणि तक्त्यातून निघालेल्या वेक्सलर-पद्धतीच्या चाचणीवरचा ७८ हा आकडा दिसायला एक असले तरी एकच गोष्ट सांगत नाहीत.

यात जुन्या मानकांची भर पडते. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की अनेक देशांत पिढी बदलते तसे बुद्धिमत्ता चाचण्यांवरचे सरासरी गुण वाढतात. अमेरिकेत हा वेग दहा वर्षांत सुमारे तीन गुण असा निघाला. भारतात तो तेवढाच असेल असे धरून चालू नका, पण दिशा लक्षात घ्या. १९३० किंवा १९६०च्या दशकातील मुलांशी तुलना केली की आजचे मूल आहे त्यापेक्षा वर दिसते. जुनी चाचणी उदार असते. तुम्ही म्हणाल, बरे झाले, मुलाला 'अक्षम' हा शिक्का बसला नाही. पण शिक्का नाही म्हणजे टक्केवारी नाही आणि टक्केवारी नाही म्हणजे विशेष शिक्षकही नाही. हा मुलगा सामान्य वर्गाच्या शेवटच्या बाकावर 'आळशी' म्हणून बसेल.

म्हणजे दोन चुका आहेत आणि त्यांच्या दिशा उलट आहेत. भाषा, अनोळखी घर आणि न मिळालेली संधी मुलाला खाली ओढतात. सरासरीची रीत आणि जुनी मानके त्याला वर ढकलतात. दोन्ही मिळून हिशेब जुळेल अशी आशा करणे म्हणजे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे आणि गाडी वीस मिनिटे उशिरा येईल म्हणून आपण वेळेवर पोहोचू असे म्हणण्यासारखे आहे. कोणत्या मुलावर कोणती चूक किती वजनाने पडते ते मुलागणिक बदलते. मराठी घरातील हिंदीभाषक शहरात वाढणाऱ्या मुलावर पहिली जास्त पडेल, एकभाषिक सुखवस्तू घरातल्या मुलावर दुसरी.

मंडला आणि दिंडोरीकडून जबलपूरला येणारी मुले हा प्रश्न आणखी वेगळ्या बाजूने दाखवतात. गोंड खेड्यातला नऊ वर्षांचा मुलगा शेळ्या घेऊन रानात जातो, परत आणतो, आठवडी हाटात मीठ-तेल आणतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो. 'पैसे विश्वासाने हातात देता येतात का' या प्रश्नाला त्याची आई कदाचित हसेल. हाच मुलगा मिसिकच्या शाब्दिक भागात शाळेच्या हिंदीतील प्रश्नांपुढे गप्प बसेल. अमेरिकेत १९६९ मध्ये अध्यक्षीय समितीने अशा मुलांना दिलेले नाव प्रसिद्ध आहे : सहा तासांचे मतिमंद मूल, म्हणजे फक्त शाळेच्या वेळेत मंद, उरलेल्या अठरा तासांत नाही. बुद्धिगुणांक आणि सामाजिक गुणांक यांच्यात मोठी तफावत दिसली की काही जण तिला चाचणीतला दोष म्हणतात. अनेकदा तीच या मूल्यमापनाची सर्वांत खरी बातमी असते.

सत्तरच्या रेषेचा प्रश्न फक्त आपलाच आहे असे समजू नका. फ्लोरिडात बौद्धिक अक्षमता असलेल्या कैद्याला देहदंडातून सूट मिळण्यासाठी बुद्धिगुणांक ७० किंवा त्याखाली हवा अशी कडक अट होती. फ्रेडी ली हॉल या कैद्याच्या गुणांकांत एक ७१ होता. २०१४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ही अट नाकारली. प्रत्येक गुणांकाला मापनातील प्रमाण त्रुटी असते, म्हणून तो एक बिंदू नसून पट्टा आहे, असा त्यामागचा आधार होता. मानसमापनाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील एक धडा तिथे एका माणसाच्या जिवासाठी न्यायालयात वाचला गेला. आपल्या २०१८च्या तक्त्यात हा पट्टा कुठे दिसत नाही.

स्वमग्नतेबद्दल थोडक्यात. तिथे मुख्य साधन वर्तनाचे निरीक्षण हे आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या भारतीय स्वमग्नता श्रेणीत ४० बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण आणि ७० पासून सौम्य स्वमग्नता सुरू होते. गंमत पाहा, तिथे सत्तर हे आत येण्याचे दार आहे (७० गुणांना ४० टक्के) आणि बौद्धिक अक्षमतेत तेच बाहेर जाण्याचे. या मुलांच्या बोधनिक मूल्यमापनात चाचणीची निवडच निकाल बदलते. मिशेल डॉसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की स्वमग्न मुले वेक्सलरपेक्षा रेव्हनच्या आकृतीबंधांवर सरासरीने सुमारे ३० शततमके वर असतात. बोलून उत्तर द्यायला लावणारी चाचणी अशा मुलाच्या बुद्धीआधी त्याचे बोलणे मोजते. जबलपूर असो वा जळगाव, फक्त शाब्दिक चाचणीवर स्वमग्न मुलाचा बुद्धिगुणांक लिहिलेला अहवाल दिसला तर तो अपुरा समजा.

एवढे दोष दाखवल्यावर मालिन यांच्याबद्दल माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. एका शहरातील बाल मार्गदर्शन केंद्रातून तीन भाषांत बुद्धिमत्ता चाचणी आणि शिवाय वर्तनाची श्रेणी उभी करणे हे फार मोठे काम होते. त्यानंतर पन्नास वर्षे त्यावर नवी मानके बसवण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते तेवढ्या नेटाने केले नाही. तसे करणे अशक्य नव्हते याचा पुरावा आपल्याकडेच आहे : प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बेली श्रेणीवरून भारतीय बाळांसाठी जी विकासश्रेणी केली तिचा पुढे पुन्हा अभ्यास झाला आणि १९९७ मध्ये ती सुधारून निघाली. वेक्सलरच्या चौथ्या आवृत्तीचे भारतीय रूपही २०१२ मध्ये आले. ते महाग आहे आणि जिल्हा पातळीवर सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून जुना संच टेबलावरच राहतो. जुन्या साधनाला कायद्यात कडक रेषा देताना त्याचे वय विचारले गेले नाही, हा दोष साधनाचा नाही.

तर आपल्या राइट टाउनच्या मुलाचा अहवाल कसा असावा? त्यात 'सामाजिक गुणांक ७०' एवढेच नको. चाचणी कोणत्या भाषेत सुरू केली आणि कुठे भाषा बदलावी लागली ते हवे. कोणत्या बाबी 'संधी नाही' म्हणून नोंदवल्या आणि घरच्यांनी त्यातली कोणती आठवडाभर करून पाहिली ते हवे : उदाहरणार्थ, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणि सुटे पैसे. कृती आणि शाब्दिक भागांत किती अंतर आहे, आणि गुणांकाचा पट्टा कुठून कुठपर्यंत जातो, ते हवे. आईच्या उत्तरांचा सूरही हवा. काही आया मुलाच्या अभिमानापोटी प्रत्येक प्रश्नाला 'करतो की' म्हणतात, तर काही थकून 'काहीच येत नाही' म्हणतात. अशा वेळी आजी, आत्या किंवा वर्गशिक्षिका यांच्यापैकी दुसऱ्या कोणाला तरी तेच प्रश्न विचारलेले असावेत. मंडळापुढे असा अहवाल गेला तर ६७.५ आणि ७० मधला निर्णय निदान डोळे उघडे ठेवून होईल.

सरावासाठी : तुमच्या विभागाच्या ग्रंथालयात सामाजिक परिपक्वता श्रेणीची पुस्तिका असेल तर प्राध्यापकांच्या परवानगीने ती पाहा. तुमच्या घरातील किंवा शेजारातील, कसलीही अडचण नसलेले एक आठ वर्षांचे मूल मनात आणा आणि सहा ते आठ वर्षांच्या पट्ट्यातील बाबींपुढे तीनपैकी एक खूण करा : करतो, करत नाही, करू देत नाही. तिसऱ्या खुणा मोजा. मग त्या सगळ्या 'करत नाही' धरून त्याचा गुणांक काढा आणि वर्गात घेऊन या.